प्रवेश मुलाखतीची जबाबदारी पहिल्यांदाच आली असेल तर

जून उजाडला की विभागप्रमुख एखाद्या तरुण सहकाऱ्याच्या टेबलावर फाइल ठेवतात आणि म्हणतात, "यंदा इंटरव्ह्यूचं तू बघ." फाइलमध्ये गेल्या वर्षीच्या अर्जदारांची नावं, गुणांचा एक रकाना आणि चहा-समोशांचं बिल. गुण कशाचे, कोणी दिले, अठरा का आणि बावीस का नाहीत, याचा कुठेच पत्ता नाही. ही फाइल ज्यांच्याकडे आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोव्यात पदव्युत्तर आरोग्य अभ्यासक्रमांच्या प्रवेश मुलाखती मी घेतल्या आहेत आणि त्यांची आखणीही केली आहे. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. आधी नियम वाचा

तुमच्या अभ्यासक्रमाला मुलाखत घ्यायची मुभा आहे का, हे पहिल्यांदा बघा. गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) एमडी-एमएसच्या जागा नीट-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि त्यानंतरच्या जागावाटपातून भरतात, तिथे मुलाखतीचा प्रश्नच नाही. सार्वजनिक आरोग्य, इस्पितळ व्यवस्थापन, मानसशास्त्र-समुपदेशन, पुनर्वसन किंवा पीएचडी अशा ठिकाणी संस्थेच्या नियमांत तिला जागा असू शकते. पीएचडीला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांनी, संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल तर, लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन ठरवून दिलं आहे. इतरत्र माहितीपत्रकात काय छापलंय ते बघा. छापलेलं प्रमाण मधेच बदलता येत नाही.

मुलाखतीला जास्त गुण ठेवायचा मोह होईल. त्याआधी अजय हासिया खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजून घ्या. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. मुलं दोन-तीन मिनिटांत बाहेर येत होती आणि विचारलं काय, तर वडील कोण आणि राहता कुठे, अशी तक्रार होती. न्यायालयाने एकूण गुणांच्या एक तृतीयांश वाटा मुलाखतीला देणं मनमानी ठरवलं, त्या परिस्थितीत १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलं आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असंही सुचवलं. निकाल १९८० सालचा आहे. आजही आपल्याकडच्या कितीतरी मुलाखती त्या श्रीनगरच्या मुलाखतीपेक्षा फार वेगळ्या नसतात.

२. काय मोजायचंय ते ठरवा

"विद्यार्थी कसा आहे ते बघू" हे ठरवणं नव्हे. तीन किंवा चार स्वभावगुण निवडा, जे गुणपत्रिकेत दिसत नाहीत आणि तुमच्या अभ्यासक्रमाला खरोखर लागतात. माझी यादी साधारण अशी असते: समोरच्याचं ऐकून घेणं, कोंडीत सापडल्यावर विचार करता येणं, चूक किंवा अज्ञान कबूल करता येणं, वेगळ्या पेशाच्या माणसाबरोबर काम जमणं. विषयाचं ज्ञान यादीत घालू नका. ते लेखी परीक्षेत मोजून झालंय. मुलाखतीत पुन्हा क्षयरोगाच्या औषधांची नावं विचारलीत, तर तेच माप दुसऱ्यांदा घेतलंत आणि तेही आधीपेक्षा ढोबळ.

ही खबरदारी का, याचं उत्तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये मिळतं. १९७९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला ऐनवेळी जागा १५० वरून २०० करायला लावल्या. तोवर वरच्या क्रमांकाची मुलं संपली होती, म्हणून मुलाखतीत अगदी तळाला गेलेली पन्नास मुलं घ्यावी लागली. पुढे दोन्ही गटांची प्रगती ताडून बघितली तेव्हा अभ्यासात, रुग्णांसोबतच्या कामात, गळतीत फरकच सापडला नाही. त्यावरचा निबंध १९८७ मध्ये छापून आला. म्हणजे अनुभवी प्राध्यापकांनी मोकळेपणी गप्पा मारून लावलेल्या क्रमाने वरचे आणि खालचे वेगळे पडलेच नाहीत.

याचा अर्थ मुलाखत टाकून द्यावी असा मी घेत नाही. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी नोकरभरतीवरच्या जुन्या अभ्यासांचा फेरहिशोब मांडला. प्रश्न आणि गुणदान आधी ठरवलेल्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध ०.४२ निघाला, मोकळ्या मुलाखतीचा ०.१९ (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). नोकरी आणि प्रवेश यांत फरक आहे, पण तुमची मेहनत कुठे घालायची ते यावरून कळतं.

३. प्रश्न आणि गुणांची पट्टी एकाच बैठकीत लिहा

लोक प्रश्न लिहितात आणि गुणांचं "त्या दिवशी बघू" म्हणतात. मग एका परीक्षकाला आत्मविश्वास आवडतो, दुसऱ्याला नम्रता, आणि एकाच उत्तराला एक जण दोन देतो, दुसरा पाच.

नमुना म्हणून हा प्रसंग घ्या. वाळपईच्या आरोग्य केंद्रात सत्तर वर्षांची आजी आली आहे. साखर वाढलेली आहे. ती म्हणते, "उकड्या तांदळाचा भात सोडणार नाही, आणि गोळी घेतली की मला गरगरतं." तुमच्यासोबतची कर्मचारी तिच्यावर ओरडते. तुम्ही काय कराल?

याची पट्टी:

- १ गुण: लगेच आहारावर प्रवचन, किंवा "डॉक्टरकडे पाठवीन" म्हणून मोकळा.
- ३ गुण: आजीला दोन प्रश्न विचारतो, पण योजना स्वतःचीच पुढे रेटतो. ओरडणाऱ्या सहकारी बाईंचा विचारच नाही.
- ५ गुण: गरगरण्याबद्दल खोदून विचारतो, घरात स्वयंपाक कोण करतं ते विचारतो, तिला झेपेल अशा एकाच बदलावर येतो. सहकारी बाईंशी बोलायचं तर आजीसमोर नाही, हेही त्याला सुचतं.

२ आणि ४ मधले. पट्टी लिहिताना परीक्षकांत वाद होईल. होऊ द्या. तो वाद जूनमध्ये झाला तर पट्टी सुधारते. मुलाखतीच्या दिवशी झाला तर एखाद्या मुलाचं वर्ष जातं.

दुसरा एक प्रसंग माझ्या आवडीचा: सर्वेक्षणाचे फॉर्म उद्या द्यायचे आहेत आणि आज तुम्हाला कळतं की तुमच्या मित्राने शेवटची काही घरं न फिरताच, बसल्या जागी भरली. याचं पाठ केलेलं उत्तर नसतं. "सरांना सांगीन" म्हणणाऱ्याला विचारा, "मित्राशी आधी बोलाल की नंतर?" आणि मग गप्प बसा.

असे पुढचे प्रश्नही आधीच लिहून ठेवा, दोन किंवा तीन, सगळ्यांना तेच. जो बोलका आहे त्याच्याशी गप्पा रंगतात आणि जो अडखळतो त्याला परीक्षक "ठीक आहे, पुढे" म्हणतो. मोकळ्या मुलाखतीत अन्याय शिरतो तो बहुतेक याच दारातून.

टाळायचे प्रश्न: "तुमचं बलस्थान काय, उणीव काय", "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता". यांची उत्तरं क्लासमध्ये घोकून मिळतात. आणि मुलींना "लग्नानंतर काय करणार?" हा प्रश्न कोणी विचारला तर समन्वयक म्हणून तिथेच थांबवा, मग विचारणारी व्यक्ती कितीही ज्येष्ठ असो.

४. भाषेचा निकाल आधी लावा

गोव्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा, आणि मुलाखतीच्या कागदावर तो कधीच नसतो. पेडणे किंवा सत्तरी तालुक्यातली मुलगी सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकते, पाचवीपासून इंग्रजीत जाते, पदवी इंग्रजीत घेते. तिचं इंग्रजी पुरेसं असतं, फर्डं नसतं. शेजारच्या खुर्चीवर पणजीच्या कॉन्व्हेंटचा मुलगा सफाईने बोलतो. परीक्षक ती सफाई "संवादकौशल्य" या रकान्यात भरतात. आणि ज्या रुग्णांशी बोलण्यासाठी आपण यांना घेतोय ते बोलतात कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड.

म्हणून मुलाखतीच्या खोल्यांपैकी (एकाऐवजी अनेक खोल्या का, ते सहाव्या मुद्द्यात) किमान एक अशी ठेवा, जिथे समोर रुग्णाच्या वेशात कोणीतरी बसलंय आणि बोलणं कोकणी, मराठी किंवा हिंदीत, उमेदवार निवडेल त्या भाषेत होतं. राज्याबाहेरचा अर्जदार असेल तर त्याला हिंदी चालेल. गुण देताना हेल, बोली, व्याकरण बघायचं नाही, असं पट्टीवरच लिहा. उरलेल्या खोल्यांत प्रसंगाचा कागद इंग्रजी आणि मराठी-कोकणी, दोन्हींत ठेवा. उत्तर कुठल्याही भाषेत चालेल हे कॉल लेटरमध्ये आधीच छापा, नाहीतर "मराठीत बोललो तर कमी गुण पडतील" या भीतीने कोणी बोलणार नाही.

रुग्ण वठवायला माणूस शोधणं गोव्यात अवघड नाही. गावोगाव जत्रेच्या नाटकात काम करणारी मंडळी आहेत, तियात्र या कोकणी नाटकांतले कलाकार आहेत. एकच काळजी घ्यायची: त्यांना रडायची संधी देऊ नका. दिली तर आठ मिनिटं ते स्वतःच खाऊन टाकतील. कागदावर चार ओळी द्या, आणि पहिल्या उमेदवारासमोर जेवढं चिडायचं तेवढंच शेवटच्यासमोर, हे दोनदा सांगा.

५. पॅनेल निवडताना: कोण कोणाला ओळखतं

आपल्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला गाव निघतं, पाचव्याला आडनाव, आणि थोड्या वेळाने कुलदैवत कोणतं, मंगेशीचे की म्हाळसेचे, तेही. ख्रिस्ती असेल तर इगर्ज, म्हणजे चर्च, कुठली ते. बाहेर ही आपुलकी असते. मुलाखतीच्या खोलीत त्याच गप्पांतून जात, धर्म आणि वशिला, तिन्ही बाहेर येतात, आणि विचारणाऱ्याला आपण काही वावगं केलं असं वाटतही नाही. "मुलाला जरा मोकळं वाटावं म्हणून विचारलं" हे उत्तर ठरलेलं. मोकळं वाटायला पाणी द्या, "प्रवास कसा झाला" एवढं विचारा. गावाचं नाव नको.

त्यासाठी करायच्या गोष्टी:

- परीक्षकांना नावं देऊ नका, फक्त क्रमांक द्या. उमेदवाराच्या गळ्यात क्रमांकाचं कार्ड. चेहरा ओळखीचा निघेलच, पण आडनाव कागदावर दिसत नाही तेव्हा हात जरा सरळ चालतो.
- लेखीचे गुणही परीक्षकांसमोर नकोत. ८५ टक्के दिसले की अडखळणंसुद्धा विचारी वाटायला लागतं.
- प्रत्येकाकडून आधी लेखी घ्या: अर्जदारांत नातेवाईक आहे का, ज्याला शिफारसपत्र दिलं असा कोणी आहे का, ज्याच्या प्रकल्पाचं मार्गदर्शन केलं असा कोणी आहे का. असेल तर त्या उमेदवारापुरता त्या खोलीत राखीव परीक्षक बसेल. नुसती तोंडओळख असेल तर नोंद करून पुढे जा. तोंडओळख नसलेलं पॅनेल हवं म्हणालात तर गोव्यात पॅनेलच मिळणार नाही.
- एक परीक्षक बेळगाव, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गातून बोलवा. मराठी त्याला येते, आपली आडनावं त्याला काही सांगत नाहीत.
- सगळेच प्राध्यापक नकोत. एक अनुभवी परिचारिका, एक समाजसेवक, जमल्यास शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी.

फोन येतील. गावच्या पंचायतीतल्या पंचाचा येईल, कोणा पुढाऱ्याच्या पीएचा येईल. "क्रमांक कोणता तेच मला माहीत नाही" असं सांगता यावं, म्हणून क्रमांकवाटप कार्यालयातल्या एका माणसाकडे द्या आणि तो माणूस पॅनेलवर नको.

६. एक लांब मुलाखत नको, छोट्या अनेक घ्या

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, म्हणजे अनेक छोट्या मुलाखती) ही पद्धत आणली. तिच्यावरचा पहिला मोठा निबंध २००४ चा. कल्पना आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या ऑस्कीवरून, म्हणजे टेबला-टेबलावर फिरत द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेवरून, घेतलेली आहे, जी रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९७५ मध्ये मांडली. उमेदवार खोली-खोली फिरतो. दारावर प्रसंग वाचायला दोन मिनिटं, आत आठ मिनिटं, घंटा झाली की पुढची खोली. प्रत्येक खोलीत वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक.

यातून मिळतं ते असं. एका खोलीत बिनसलं तर पुढच्या खोलीत नव्याने सुरुवात होते. एखादा परीक्षक कडक असला तर तो सगळ्यांनाच कडक, कारण सगळेच त्याच्याकडून जातात. आणि मॅकमास्टरच्याच अभ्यासाचा सांगावा असा, की एका खोलीत परीक्षक वाढवण्यापेक्षा खोल्या वाढवल्याने गुण जास्त भरवशाचे होतात.

खर्चाची भीती घालणारे भेटतील. हिशोब करा. २४ अर्जदार, चार जणांचं पॅनेल, प्रत्येकी वीस मिनिटं: आठ तास, म्हणजे परीक्षकांचे ३२ तास. तेच २४ अर्जदार सहा खोल्यांत सहा-सहाच्या तुकड्यांनी, खोलीमागे दहा मिनिटं: एक तुकडी एका तासात, चार तुकड्या चार तासांत, सहा परीक्षकांचे २४ तास. जेवायच्या वेळेला सगळं आटोपतं. खोल्या कमी असतील तर वर्गात पडदे लावून भागतं, आवाज पलीकडे जाणार नाही एवढं बघा.

सावधान: अर्जदार जास्त म्हणून दोन समांतर फेऱ्या लावल्यात तर कडक-सौम्य परीक्षकांचा प्रश्न परत येतो. तेव्हा दोन्ही फेऱ्यांच्या परीक्षकांना आधी एकत्र बसवून एका नमुना उत्तरावर गुण द्यायला लावा.

७. तारीख

प्रवेशाचा हंगाम म्हणजे पाऊस. काणकोणहून किंवा सांग्याहून पहिल्या बसने निघालेला मुलगा भिजून पोचतो. साडेआठची वेळ देऊ नका. चतुर्थीचा आठवडा टाळा, हे गोव्यात सांगावं लागू नये, पण बाहेरून आलेले समन्वयक हमखास फसतात. ऑनलाइन घ्यायची तर सगळ्यांचीच ऑनलाइन. निम्मे समोर आणि निम्मे पडद्यावर नको, कारण पावसात सत्तरीतली वीज आणि नेट कधी जाईल याचा नेम नाही. अपंग अर्जदारांना काय सोय लागेल ते कॉल लेटरमध्ये विचारा. दुभाषा, जादा वेळ, तळमजला हे अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने देणं लागतं.

८. त्या दिवशी काय लागेल

अर्जदारांचे कागद, जे वेगळ्या टेबलावर कार्यालयाने तपासायचे, खोलीत नव्हे:

- पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला
- लागू असेल तिथे त्या-त्या व्यवसायाच्या परिषदेची (कौन्सिल) नोंदणी
- मामलेदार कार्यालयाचा निवासी दाखला
- आरक्षणाचा लाभ घेत असल्यास जातीचा किंवा अपंगत्वाचा दाखला
- ओळखपत्र आणि कॉल लेटर

तुमच्याकडे: प्रत्येक खोलीसाठी प्रसंगाच्या प्रती, उमेदवारागणिक वेगळी गुणपत्रिका, घंटा, घड्याळ, पाणी, राखीव परीक्षक आणि गुणपत्रिका गोळा करणारा एक माणूस.

या शेवटच्या माणसाशिवाय सुरू करू नका. गुण खोलीतच, उमेदवार बाहेर पडताच लिहायचे आणि त्याने लगेच उचलून न्यायचे. परीक्षक चहाला एकत्र आले, की "ती सात नंबरची मुलगी काय सुंदर बोलली!" हे होणारच. त्या वाक्यानंतर दिलेले गुण स्वतंत्र राहत नाहीत. एका गुणाचा उजेड माणसाच्या बाकी सगळ्या गुणांवर पडतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनावरून दाखवलं होतं.

आदल्या दिवशी इंटर्नना उमेदवार करून एक फेरी घ्या. एखादा प्रसंग तीन मिनिटांत संपतो, एखादा आठ मिनिटांत सुरूच होत नाही, हे तेव्हाच कळतं.

९. बेरीज: इथे सगळेच फसतात

"मुलाखतीला फक्त ३० टक्के, तिने असा काय फरक पडणार?" हे वाक्य मी बैठकांत पुष्कळदा ऐकलं आहे. आकडे मांडून बघा. मुलाखतीला बोलावलेली मुलं लेखीच्या गुणांवरच चाळलेली असतात, म्हणून त्यांचे गुण जवळजवळ असतात, समजा ६२ ते ६८. मुलाखतीचे गुण मात्र ४० ते ९० पसरलेत. लेखीतला सहा गुणांचा फरक ७० टक्क्यांनी ४.२ होतो. मुलाखतीतला पन्नासचा फरक ३० टक्क्यांनी १५ होतो. कागदावर तीस टक्के असलेली मुलाखत प्रत्यक्षात जवळपास सगळं ठरवते. उलटही घडतं: परीक्षक सगळ्यांनाच तीन-चार देत बसले तर एवढ्या खटाटोपाचा यादीवर काहीच परिणाम होत नाही.

म्हणून अंतिम यादी करण्याआधी दोन्ही रकान्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा शेजारी शेजारी लिहून बघा. या वर्षी काही बदलायचं नाही, नियम छापून झालेत. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात गुण कसे समपातळीवर आणायचे ते सांख्यिकीच्या माणसाला बसवून ठरवा. गुण सारखे पडले तर कोण आधी, हेही आधीच लिहिलेलं हवं.

आणि बेरीज झाल्यावर "याला जरा वर घेऊया, मला चांगला वाटला" ही चर्चा उघडू नका. एखाद्या परीक्षकाला गंभीर शंका आली असेल, जसं की उमेदवार रुग्णाबद्दल तुच्छतेने बोलला, तर गुणपत्रिकेवर त्यासाठी वेगळा चौकोन ठेवा आणि काय घडलं ते एका वाक्यात लिहायला लावा. ते वाक्य समितीसमोर जाईल, भावना नाही.

१०. यादी लागल्यावर

गुणपत्रिका जपून ठेवा. माहिती अधिकारात अर्ज आला तर खोलीवार गुण आणि पट्टी दाखवता आली पाहिजे. "एकूण छाप चांगली नव्हती" हे उत्तर टिकत नाही. न निवडलेल्यांना निदान त्यांचे स्वतःचे गुण कळवा.

प्रसंग व्हॉट्सअ‍ॅपवर फुटतील, संध्याकाळच्या आतच. त्यासाठी मोबाइल बाहेर ठेवून घेणं आणि सकाळच्या-दुपारच्या तुकड्यांची गाठ पडू न देणं एवढं करा, बाकी फार जीव जाळू नका. पट्टी चांगली असेल तर प्रसंग आधी माहीत असूनही ऐकून घेण्याचं नाटक आठ मिनिटं टिकवणं सोपं नसतं. तरी दरवर्षी निम्मे प्रसंग नवे करा.

वर्षभराने निवडलेल्या मुलांचे मुलाखतीचे गुण आणि क्लिनिकल पोस्टिंगमधला, म्हणजे रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष कामावरचा, शेरा एकत्र ठेवून बघा. जे घेतले नाहीत ते कसे निघाले असते हे यातून कळत नाही, पण कुठल्या खोलीचे गुण पुढच्या शेऱ्याशी जुळतात याचा अंदाज येतो. आणि आठवण ताजी असेपर्यंत, यादी लागली त्याच आठवड्यात, प्रत्येक प्रसंगाखाली दोन ओळी लिहा: कुठे वेळ पुरला नाही, कुठे सगळ्यांनाच चार पडले. सगळ्यांना चार देणारा प्रसंग काढून टाका.